शालिक टेलरचा ताप

दवाखान्यात मला मेश्राम या आडनावानं हाक मारणारे चारच लोक होते आणि ते चौघेही स्टाफमधले. बाकी साऱ्यांसाठी मी ‘खूनवाली मॅडम’. आमच्याकडे रक्ताला खूनच म्हणतात. पुण्याकडचे कोणी पाहुणे सोबत असताना रस्त्यात एखादी बाई ‘खूनवाली मॅडम, नमस्ते जी’ म्हणाली की पाहुणे दोन पावलं मागे सरत.

काम साधं होतं. बोट टोचायचं, रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर पसरायचा, वाळवायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली मलेरियाचे जंतू शोधायचे. लघवी, थुंकी, साखर, हिमोग्लोबिन हेही. या कामात फसवणारे नमुने फार. एका म्हाताऱ्याच्या लघवीत इतकी साखर निघाली की मी घाबरले. मग बाटली उलटी करून पाहिली तर तळाशी खोकल्याचं औषध चिकटलेलं. म्हातारा ठणठणीत होता, बाटली तेवढी गोड होती. तेव्हापासून मी आधी बाटलीचा वास घ्यायची आणि मग तपासायची.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा आम्हा कर्मचाऱ्यांच्याही वाटण्या झाल्या. मी भंडाऱ्याच्या वाट्याला आले आणि हायवेवरच्या एका लहान सरकारी दवाखान्यात रुजू झाले. त्याचं नाव लिहीत नाही. तिथं झालेल्या चुका काही त्या इमारतीच्या नव्हत्या, आम्हा माणसांच्या होत्या आणि त्यातली एक माझी होती. हा लेख तिच्याबद्दलच आहे.

पहिल्याच पावसाळ्यात शालिक आला. भंडाऱ्याजवळच्या शहापूरकडचा टेलर, वय पंचवीस-सव्वीस, हडकुळा, स्वतः शिवलेला शर्ट इतका बेतशीर की सारे वळून पाहत. थंडी वाजून ताप, पोटात मरणाचं दुखणं. स्लाइडवर मी शंभर जागा पाहिल्या, नियमाप्रमाणे. जंतू नव्हता. डॉक्टरांनी तरी मलेरियाच्या गोळ्या दिल्या, कारण आमच्या भागात पावसाळ्यात ताप म्हणजे मलेरिया आणि बाकीचं नंतर. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. गोळ्या लागू पडल्या असं सारेच समजले, मीही.

महिन्याभरात तो पुन्हा आला. मग पुन्हा. उन्हाळ्यात, जेव्हा डास औषधालाही सापडत नाहीत, तेव्हाही. ताप दोन दिवस, फार तर तीन. चौथ्या दिवशी माणूस मशीनवर बसून बटणं लावतो आहे. त्याच्या दुकानाच्या फळीवर ‘आज दुकान बंद आहे’ असं खडूनं लिहिलेलं असायचं आणि शाळेचे ड्रेस शिवायला टाकलेले आईबाप त्यावर आणखी काहीबाही लिहून जायचे.

आता थोडं माझ्या विद्येबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. रक्तात पांढऱ्या पेशी असतात आणि त्यांच्यातही जाती असतात. एक जात अशी की शरीरात कुठं पू झाला, मोठा जंतुसंसर्ग झाला की ती धावत येते. मलेरियात ती सहसा अशी धावत नाही. शालिकच्या प्रत्येक स्लाइडवर मात्र या पेशींची जत्रा भरलेली असे. दुसरी तपासणी ईएसआरची. उभ्या नळीत रक्त भरून तासाभरात तांबड्या पेशी किती खाली बसतात ते पाहायचं. अंगात कुठं दाह असला की त्या भराभर खाली बसतात. शालिकच्या पेशी दगडासारख्या बसत. म्हणजे अंगात आग होती, पण ती लावणारा कोणी सापडत नव्हता.

तिसऱ्या वर्षी मी धीर करून तेव्हाच्या डॉक्टरांना म्हटलं, “सर, हा मलेरिया वाटत नाही मला. दर वेळी पेशी वाढलेल्या असतात.”

बाहेर रांग दारापर्यंत होती. ते मान वर न करता म्हणाले, “मॅडम, तुम्ही रिपोर्ट द्या. निदान आमच्याकडे राहू द्या.”

ते वाईट माणूस नव्हते. दमलेले होते. पण मी ते वाक्य हुकमासारखं घेतलं. माझे वडील जवाहरनगरच्या फॅक्टरीत होते, मी तिथल्या क्वार्टरमध्ये वाढले. दारूगोळ्याच्या कामात आपला सेक्शन सोडून दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नसतो, हे आम्हाला जेवताना शिकवलेलं. मी माझा सेक्शन सांभाळला. पुढची सहा वर्षं मी रजिस्टरात सुवाच्य अक्षरात आकडे लिहिले आणि तोंड बंद ठेवलं.

त्या वर्षांत शालिकचं काय काय झालं ते सांगते. एकदा पोट इतकं दुखलं की अपेंडिक्स समजून ऑपरेशन झालं. काढलेलं अपेंडिक्स जवळपास चांगलंच होतं. ताप चालूच. मग टायफॉइड म्हणून उपचार झाले. मग एकदा छातीत कळ येऊन श्वास घेता येईना, तेव्हा नागपूरला नेलं. हृदयाच्या पिशवीत पाणी साचलं होतं. आपल्याकडे असं पाणी निघालं की पहिला संशय क्षयाचा, आणि तो बहुतेक वेळा खरा असतो. शालिकनं क्षयाच्या गोळ्या सहा महिने इमानेइतबारे खाल्ल्या. पाणी ओसरलं. ताप चालूच.

याहून वाईट म्हणजे लोकांचा विश्वास उडाला. तीन दिवस कण्हणारा माणूस चौथ्या दिवशी हसत दुकान उघडतो, तेही कागदावर काहीच न निघता. एका दुपारी तो माझ्या खिडकीशी आला. ताप होता, डोळे लाल. बोट पुढं करत म्हणाला, “मॅडम, आज एक काम करा न.”

“काय?”

“एखादा जंतू लिहून द्या.”

मला वाटलं, तापात बडबडतो आहे.

“खरंच जी. एक डाव पॉझिटिव्ह लिहा. घरचे म्हणतात सोंग करून राहिला. बायको बोलत नाही, पण तिलेही तसंच वाटते. कागदावर काही निघालं तं निदान निजू तं देतीन.”

“खोटं कसं लिहू, शालिकभाऊ?”

“मंग मले का खोटा ताप आहे?” त्यानं माझा हात धरून स्वतःच्या कपाळाला लावला. तवा होता नुसता.

मी लिहिलं नाही. लिहिणं बरोबरही नव्हतं. पण त्याच्या स्लाइडवर दर वेळी जे खरं दिसत होतं ते मी त्याला सांगू शकले असते, डॉक्टरांकडे पुन्हा जाऊ शकले असते. मी ‘निगेटिव्ह’ लिहिलं आणि पुढच्या माणसाचं बोट टोचलं.

नवव्या वर्षी बाँडवर एक नवीन डॉक्टर आल्या, डॉक्टर नेहा. इतक्या लहान दिसत की पेशंट त्यांना नर्स समजून डॉक्टर कुठं आहेत असं विचारत. त्याच आठवड्यात शालिक पाय दाखवायला आला. सूज होती. म्हणाला, “मशीनच्या पायट्यावर पाय टेकला का खड्डा पडते जी.” डॉक्टरांनी लघवी तपासायला पाठवलं.

लघवीतलं प्रथिन पाहायची आमची रीत जुनी. काचनळीत लघवी घ्यायची, वरचा भाग दिव्यावर तापवायचा. ढग दिसला तर व्हिनेगरसारख्या आम्लाचे दोन थेंब टाकायचे. ढग विरला तर काही नाही. विरला नाही तर मूत्रपिंडातून प्रथिन गळतं आहे. शालिकच्या नळीत ढग नव्हता. दही होतं. आम्ल टाकलं तरी नळी आडवी केल्यावर हलेना.

तो खिडकीशी उभाच होता. “काय निघालं?”

“प्रथिन जातंय लघवीतून. पुष्कळ.”

“म्हणजे निघालं न काही?” त्याचा चेहरा उजळला. “द्या कागद. घरी दाखवतो.”

मी चाळीस वर्षांत अनेकांना वाईट रिपोर्ट दिले. आनंदानं घेतलेला हा एकच.

रिपोर्ट घेऊन डॉक्टर नेहा स्वतः प्रयोगशाळेत आल्या. स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, “ताई, तुम्ही या माणसाचं रक्त इतकी वर्षं बघताय. तुम्हाला काय वाटतं?”

नोकरीत हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला. मी बोलत सुटले. मग कपाटातून जुनी रजिस्टरं काढली, काहींना वाळवी लागलेली. शालिकचं नाव चाळीसच्या वर वेळा सापडलं. डॉक्टरांनी प्रत्येक तारखेवर पेन्सिलची खूण केली. महिना-पाच आठवडे मोकळे, मग ताप. पुन्हा मोकळे, पुन्हा ताप. दर वेळी पेशी वाढलेल्या, जंतू कधीच नाही. मग त्यांनी शालिकला बोलावून विचारलं, “आईवडील नात्यातले आहेत का तुमचे?”

“हो. बाबा म्हणजे आईचे मामेभाऊ.”

“घरात आणखी कुणाला असा ताप?”

“उषीले येते. माही लहान बहीण. लाखनीकडं दिली.”

नागपूरच्या मोठ्या रुग्णालयात मूत्रपिंडाचा कणभर तुकडा काढून तपासला. मी मुद्दाम रजा टाकून सोबत गेले होते. तिथल्या प्राध्यापकांनी मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. एका खास रंगानं रंगवलेला तुकडा विशिष्ट प्रकाशात धरला की नको तिथं साचलेलं प्रथिन हिरवं चमकतं. धानाच्या कोवळ्या रोपांच्या परह्यासारखा हिरवा. आयुष्यभर काचेखाली पाहिलेल्या रंगांत इतका देखणा रंग मी पाहिला नव्हता, आणि तो एका टेलरचं मूत्रपिंड बुजवत चालला होता.

पुढं बाहेरच्या शहरात रक्त पाठवून जनुकाची तपासणी झाली आणि नाव मिळालं. फॅमिलियल मेडिटेरेनियन फीवर. भूमध्य समुद्राच्या काठच्या लोकांत आढळणारा आनुवंशिक ताप, आपल्याकडे फारच विरळ. जंतू कुठलाच नसतो. शरीराची दाहाची घंटा बिघडलेली असते, आग नसताना वाजते. पोटाच्या, छातीच्या, हृदयाच्या अस्तराला सूज येते, म्हणून ते अपेंडिक्स आणि ते पाणी. आणि वर्षानुवर्षं दाह होत राहिला की तयार होणारं एक प्रथिन हळूहळू मूत्रपिंडात साचतं. यावर औषध आहे, अंगठ्याच्या गाऊटवर देतात ती जुनी साधी गोळी. ती रोज, जन्मभर घेतली तर ताप थांबतो आणि साचणंही टळतं. मात्र ती वेळेवर सुरू व्हावी लागते.

डॉक्टरांनी हे सारं समजावून सांगितलं. शालिक मन लावून ऐकत होता. शेवटी म्हणाला, “समुद्र तं मी अजून डोळ्यानं पाह्यला नाही, मॅडम. वैनगंगा सोडून कुठं गेलो नाही. मले समुद्राचा ताप काहून आला?”

डॉक्टर नेहा हसल्या आणि लगेच त्यांचे डोळे भरले. शालिकनं ते पाहिलं. मग त्यानं स्वतःबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. म्हणाला, “उषीले पाहा आधी.”

दोन दिवसांनी शालिक आणि मी लाखनीकडे निघालो. पिशवीत काचनळ्या, स्पिरिटचा दिवा, आम्लाची कुपी. रोवणा, म्हणजे धानाची लावणी चालू होती, बांध्यांमध्ये वाकलेल्या बायकांची रांग दिसत होती. उषा त्यात नव्हती. ती घरात ओसरीवर पडली होती, अंगावर चादर, डाव्या घोट्यावर तळहाताएवढा लाल चट्टा. त्यावर कोणीतरी हळद लावलेली.

“रोवना आला का हिले ताप येते,” सासू म्हणाली. आवाजात राग कमी, थकवा जास्त. पदर चिखलानं भरलेला, म्हणजे सुनेच्या वाटचं काम तीच करून आली होती. “मी म्हातारी चिखलात अन् हे खाटेवर. कोनाले सांगाव?”

मी उषाकडून नमुना मागितला. अंगणात पाटावर दिवा पेटवला. सासू, उषाचा नवरा, शेजारच्या दोन बाया, सारे भोवती. शालिक मात्र उठून गोठ्याकडे गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. त्यानं स्वतःची नळी पाहिली होती.

नळीचा वरचा भाग दिव्यावर धरला. बुडबुडे आले. उकळी आली. मी ती उजेडाकडे धरली. आरपार पलीकडच्या छपराचं कवेलू दिसत होतं. थेंब टाकले, पुन्हा तापवली. स्वच्छ.

“काही नाही,” मी म्हटलं. “साफ आहे.”

शालिक तिथंच खाली बसला.

सासूनं मोठा श्वास सोडला आणि सुनेकडे वळून म्हणाली, “पाह्य! दवाखान्यातली बाईही सांगून राहिली. काही नाही म्हनते. मंग उठत काहून नाही?”

उषानं डोळे मिटून घेतले. तो चेहरा मी ओळखत होते. नऊ वर्षं माझ्या खिडकीशी येऊन, माझ्याच हातचा कागद घेऊन परत जाणारा चेहरा. आणि आता पुन्हा माझ्याच शब्दानं हे होत होतं.

“थांबा, आई,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. “मी काही नाही म्हटलं ते लघवीत. बिमारी आहे हिला. जन्मापासून आहे, हिच्या भावाला आहे तीच. याच्या मूत्रपिंडापर्यंत गेली. हिच्या अजून गेली नाही, एवढंच या नळीनं सांगितलं. आज औषध सुरू झालं तर जाणारही नाही. ही सोंग करत नाही. हा ताप खरा आहे.”

असं बोलायचा मला अधिकार नव्हता. पक्कं निदान डॉक्टरांनी तपासून करायचं होतं, आणि ते नंतर झालंही. पण त्या अंगणात डॉक्टर नव्हते, मीच होते.

सासूनं खाटेशी जाऊन उषाच्या घोट्यावरची सुकलेली हळद पदरानं पुसली. “दुखते काय वो?” एवढंच विचारलं. उषा ओक्साबोक्शी रडायला लागली.

उषाचा ताप गोळ्यांनी दोन महिन्यांत थांबला. शालिकचाही थांबला. फळीवरचा खडू पुसला गेला. पण त्याच्या मूत्रपिंडात जे साचलं होतं ते निघालं नाही. वर्षभरानं त्याच्या मूत्रपिंडाचे आकडे बिघडताना पाहून मला राहवेना. एका दुपारी त्याच्या दुकानात गेले आणि स्टुलावर बसून सारं सांगितलं. तिसऱ्याच वर्षी मला पेशी दिसल्या होत्या, एकदा बोलले आणि मग गप्प बसले, हे सगळं.

त्यानं मशीन थांबवलं. “किती वर्स झाले त्याले?”

“तेव्हापासून निदान होईपर्यंत सहा गेली.”

तो कापडावरचा दोरा काढत राहिला. मग म्हणाला, “मी रागावलो तं चालन काय, मॅडम?”

“चालेल.”

आणि तो खरंच रागावला. क्षमा करणारी माणसं कथांमध्ये पटकन भेटतात. शालिक वर्षभर माझ्याशी बोलला नाही. तपासणीला यायचा, बाटली खिडकीत ठेवायचा आणि बाकावर जाऊन बसायचा. रिपोर्ट घ्यायला बायकोला पाठवायचा. मला ते सोसायला जड गेलं, पण त्यानं हसून सोडून दिलं असतं तर जास्त जड गेलं असतं.

पुढं डायलिसिस सुरू झालं. हात सुईनं काळेनिळे, तरी शनिवारी दुकान उघडायचा. एकदा उषाची सहामाही तपासणी होती, तर तिच्यासोबत तोही आला. धाप लागत होती, तरी खिडकीपर्यंत चालत आला. मी नळी तापवताना तो माझ्या हाताकडे पाहत होता.

“साफ आहे काय?”

“साफ आहे.”

“समजा पुढं काही दिसलं,” तो म्हणाला, “थोडंसंही दिसलं, तं सांगाल न? कोनी इचारलं नाही तरी?”

“सांगीन.”

“डाक्टर बिझी असला तरी?”

“तरी सांगीन, शालिकभाऊ.”

त्यानं मान हलवली आणि उषाला म्हणाला, “चाल.”

त्या हिवाळ्यात तो गेला. बेचाळीस वर्षांचा होता.

मी आता निवृत्त आहे. ओळखीच्या एका लॅबमध्ये जाऊन बसते, उषा वर्षातून दोनदा तिथंच येते आणि नळी मीच पाहावी असा हट्ट धरते. आता यंत्रं आहेत, पट्ट्या आहेत, तरी तिच्यासाठी मी दिवा पेटवते. मागच्या खेपेलाही नळी स्वच्छ होती. जायला उठली आणि बोलता बोलता म्हणाली, आता तब्येत चांगली आहे आणि गोळीनं मळमळ होते, म्हणून ती रोज न घेता एक दिवसाआड घेते. तिनं मला काही विचारलं नव्हतं. रिपोर्ट चांगला होता, माझं काम संपलं होतं.

मी तिला हाताला धरून पुन्हा खाली बसवलं आणि तिच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला.